दुप्पट चालणारी बॅटरी अडली कुठे? मेख आहे मधल्या द्रवात

मोबाइलवर दर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ फिरतो. 'नवी लिथियम-मेटल बॅटरी आली, एका चार्जमध्ये गाडी दुप्पट पळणार!' गावातला एखादा तरुण इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालेला असतो, तो व्हिडिओ पाहून थांबतो. वर्ष जातं, दुसरंही जातं. शोरूममध्ये मात्र तीच लिथियम-आयन बॅटरी असते.

प्रत्येक व्हिडिओ खोटाच असतो असं नाही. प्रयोगशाळेत अशी बॅटरी खरंच चालते. मग दुकानात का येत नाही? याचं उत्तर बॅटरीच्या पत्र्यांत कमी आणि पत्र्यांच्या मधल्या द्रवात जास्त आहे. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. त्याचं काम कळलं की आजच्या फोनची बॅटरी का फुगते आणि उन्हात लवकर का बसते, हेही कळतं.

बॅटरीत असतं तरी काय?

ट्रॅक्टरची बॅटरी सगळ्यांनी पाहिली आहे. शिशाच्या प्लेटा आणि मध्ये ॲसिडचं पाणी. ते ॲसिडचं पाणी म्हणजेच त्या बॅटरीचं इलेक्ट्रोलाइट. त्याचं काम दोन प्लेटांमध्ये विद्युतभारित कणांची ने-आण करण्याचं. इलेक्ट्रॉनला मात्र ते आतून वाट देत नाही. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतूनच जावं लागतं, आणि त्या वाटेवर आपला दिवा लागतो, मोटर फिरते.

फोन आणि स्कूटरच्या बॅटरीतही मांडणी अशीच आहे. एका बाजूला ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीत असतं ते. दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं संयुग, बहुतेक वेळा कोबाल्ट, निकेल, मँगनीज किंवा लोह-फॉस्फेटचं. चार्जिंग करताना लिथियमचे कण या दुसऱ्या बाजूकडून निघतात, द्रवातून जातात आणि ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत फिरतात.

इथे पाणी चालत नाही. लिथियम पाण्याशी लगेच भिडतं, आणि एवढ्या व्होल्टेजला पाणी स्वतःच फुटतं. म्हणून कार्बोनेट जातीचे सेंद्रिय द्रव घेऊन त्यांत लिथियमचा क्षार विरघळवतात. हे द्रव पेट घेणारे असतात. लिथियम बॅटरीला लागलेली आग भडकते, त्यात या द्रवाचा मोठा हात असतो.

ग्राफाइट काढून टाकलं तर?

ग्राफाइट ही लिथियम ठेवायची वखार आहे. पण वखारीचंच वजन मालापेक्षा जास्त. १ ग्रॅम ग्राफाइटमध्ये सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार मावतो. वखार काढून टाकली आणि नुसत्या लिथियम धातूचा थर ठेवला, तर १ ग्रॅममध्ये सुमारे ३,८६० मिलिअँपिअर-तास मिळतात. दहापट. लिथियम-मेटल बॅटरी म्हणतात ती हीच.

पूर्ण बॅटरी काही दहापट हलकी होत नाही, कारण दुसरी बाजू, पत्रे आणि द्रव यांचं वजन राहतंच. तरी फरक मोठा पडतो. आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये १ किलोमागे २५० ते ३०० वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे १० वॉटचा एलईडी बल्ब २५ ते ३० तास. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ मध्ये 'बॅटरी ५००' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं लक्ष्य १ किलोमागे ५०० वॉट-तास, म्हणजे तोच बल्ब ५० तास.

त्यासाठी दुसरी गोष्टही लागते: जास्त व्होल्टेज. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. बॅटरीचंही तसंच. आत लिथियम तेवढंच असलं आणि व्होल्टेज वाढलं, तर काम जास्त होतं. फोनच्या बॅटरीवर बारीक अक्षरांत ३.८५ किंवा ३.८७ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते सरासरी. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४.४ व्होल्टच्या आसपास जाते.

एका बाजूला लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूला जास्त व्होल्टेज अशी जोडी हवी आहे. आणि याच जोडीच्या मध्ये बिचारा द्रव सापडतो.

जुनीच वाट, पुन्हा एकदा

लिथियम धातूची कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेतल्या एक्सॉन कंपनीत अशी बॅटरी बनवली. ती दोन व्होल्टच्या थोडी वर होती. प्रयोगशाळेत आगी लागल्या, बंब बोलवावे लागले. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टचं ऑक्साइड वापरून व्होल्टेज चारपर्यंत नेलं. १९८५ मध्ये जपानचे अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढूनच टाकला आणि त्या जागी कार्बन बसवला. त्यातून १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मधल्या काळात, १९८९ मध्ये, कॅनडातल्या एका कंपनीच्या लिथियम-मेटल बॅटरीने जपानमध्ये मोबाइलमध्ये पेट घेतला आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला.

म्हणजे आज आपल्या खिशात जी बॅटरी आहे, ती लिथियम धातूला बाहेर काढूनच जन्माला आली. आता शास्त्रज्ञ त्याच धातूला परत आत आणू पाहतायत.

तसा हा धातू आपल्या घरात आधीपासून आहे. गाडीच्या रिमोट चावीत किंवा छोट्या वजनकाट्यात बटणासारखा चपटा तीन व्होल्टचा सेल असतो, त्यात लिथियम धातूच आहे. पण तो एकदा वापरून टाकायचा. पुन्हा चार्ज करायचा नाही, केला तर धोका. सगळी अडचण या 'पुन्हा' शब्दात आहे.

दोन्हीकडून मार

लिथियम धातू ज्याला स्पर्श करेल त्याला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. द्रव टेकला की तोही फुटतो. फुटलेल्या द्रवातून धातूवर एक पातळ थर बसतो. जखमेवर खपली धरते तसा. खपली नीट धरली की खालची जखम बंद, पुढचं रक्त थांबतं. या थराला शास्त्रज्ञ एसईआय म्हणतात. लिथियमच्या कणांना तो वाट देतो, पण द्रवाला धातूपर्यंत पोचू देत नाही. लिथियम-आयन बॅटरी वर्षानुवर्षं चालते ती ग्राफाइटवर धरलेल्या अशाच खपलीमुळे.

ग्राफाइट चार्ज होताना साधारण दहा टक्के फुगतं. तेवढं खपली सोसते. लिथियम धातूचं तसं नाही. दर चार्जला धातूचा थर नव्याने चढतो, वापरताना उतरतो. खपली तडकते. उघडा पडलेला धातू पुन्हा द्रवाला खातो, पुन्हा खपली धरते. प्रत्येक वेळी थोडा द्रव जातो, थोडं लिथियम जातं.

त्यातच धातू सगळीकडे सारखा चढत नाही. जिथे खपली पातळ तिथे जास्त चढतो आणि काटे, फांद्या फुटतात. काटा मुळाशी तुटला तर तो तुकडा आत असूनही कामाचा राहत नाही. त्याला 'मृत लिथियम' म्हणतात. काटा तुटला नाही आणि मधला पातळ पडदा भेदून पलीकडे पोचला, तर आतल्या आत शॉर्ट. पुढे आग.

ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला उलटा मार. तिथे जास्त व्होल्टेज द्रवाकडून इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतं. नेहमीचे कार्बोनेट द्रव सुमारे ४.३ व्होल्टपर्यंत तग धरतात. त्यावर ते हळूहळू फुटू लागतात आणि गॅस तयार होतो.

ईथर नावाची दुसरी जात आहे. तिचं लिथियम धातूशी बरं जमतं, पण साधं ईथर चार व्होल्टच्या आतच हार मानतं. थोडक्यात, कार्बोनेटला धातू सोसत नाही आणि ईथरला व्होल्टेज सोसत नाही. एकाला सांभाळावं तर दुसरा रुसतो.

याचं रस्त्यावरचं उदाहरण पॅरिसमध्ये होतं. २०११ ते २०१८ या काळात तिथे 'ऑटोलिब' नावाने भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्या धावल्या. त्यांत लिथियम धातूचीच बॅटरी होती. द्रवाऐवजी ईथरच्याच कुळातलं घट्ट प्लास्टिक वापरलं होतं. ते व्होल्टेज सोसत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला कमी व्होल्टेजचं लोह-फॉस्फेट घेतलं. आणि कणांची ने-आण व्हावी म्हणून बॅटरी सतत गरम ठेवावी लागे. गाडी धावली, पण धातूचा पुरता फायदा हाती लागला नाही.

शंभरातला एक रुपया

द्रव किती चांगला, हे शास्त्रज्ञ एका आकड्यावरून ठरवतात. चार्ज करताना शंभर कण धातूवर चढवले, तर वापरताना किती परत आले?

नव्व्याण्णव परत आले तर ऐकायला छान वाटतं. पण हिशोब मांडून पाहा. दर खेपेला शंभरातला एक रुपया हरवणारं पाकीट असेल, तर शंभर खेपांनंतर १०० रुपयांतले फक्त ३७ उरतात. रोज एकदा चार्ज म्हटलं, तर हे सव्वातीन महिन्यांत झालं.

९९.९ टक्के परत आले, तर शंभर खेपांनंतर ९० रुपये उरतात. हजार खेपांनंतरही ऐंशीच्या वर हवे असतील, तर दर खेपेला ९९.९८ टक्के परत यायला हवेत. सगळी शर्यत दशांश चिन्हाच्या पुढच्या या आकड्यांसाठी चालू आहे.

शास्त्रज्ञांनी काढलेल्या तीन वाटा

पहिली वाट: क्षार वाढवा. नेहमीच्या द्रवात क्षार बेताचा असतो आणि द्रवाचे बरेच रेणू मोकळे फिरतात. हे मोकळे रेणूच जास्त फुटतात. लग्नाच्या पंगतीत पाहुणे इतके वाढले की एकही वाढपी रिकामा सापडत नाही, तसं इथे केलं. क्षार चौपट टाकला, आणि द्रवाचा जवळपास प्रत्येक रेणू लिथियमच्या कणाशी बांधला गेला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ईथरमध्ये असा दाट क्षार वापरून ९९ टक्क्यांच्या वरचा आकडा गाठला. २०१६ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या गटाने कार्बोनेटमध्ये हाच मार्ग घेतला आणि पाच व्होल्टच्या जवळ जाणारी लिथियम-आयन बॅटरी स्थिर चालवून दाखवली.

यात आणखी एक फायदा झाला. खपली आता द्रवापासून न बनता मुख्यतः क्षारापासून बनू लागली. क्षारात फ्लोरीन होतं, त्यामुळे खपली पातळ आणि चिवट झाली. तोटा असा की द्रव काकवीसारखा घट्ट होतो, पडद्यात नीट मुरत नाही. आणि हा क्षार महाग.

दुसरी वाट: घट्टपणा घालवा, पण बांधलेली जोडी सोडवू नका. काकवीत पाणी घातलं तर ती पातळ होते, पण गोडीही विरते. म्हणून असा पातळ करणारा द्रव शोधला, जो क्षाराला विरघळवतच नाही. क्षार आणि मूळ द्रव यांचे पुंजके तसेच राहतात, भोवती हा तिसरा द्रव मोकळा वाहतो. २०१८ पासून या वाटेवर जोरात काम सुरू झालं.

तिसरी वाट: रेणूच नवा घडवा. २०२० मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ आणि यी कुई यांच्या गटांनी ईथरच्या रेणूची साखळी लांब केली आणि मधल्या भागात फ्लोरीन बसवलं. फ्लोरीन म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या लेपात असतं ते मूलद्रव्य. ते इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे जास्त व्होल्टेजला ते ओरबाडणं अवघड जातं. ईथर असल्यामुळे धातूशीही जमलं. एकच क्षार, एकच द्रव, आणि परतीचा आकडा ९९.५ टक्के. पातळ लिथियमच्या बॅटरीने ४२० खेपांनंतर ९० टक्के क्षमता राखली.

पण फ्लोरीन घालत सुटलं की झालं, असंही नाही. फ्लोरीन वाढलं की रेणू लिथियमला नीट धरत नाही आणि कणांची ने-आण मंदावते. म्हणून किती घालायचं आणि नेमकं कुठे बसवायचं, हे एकेक रेणू बनवून तपासावं लागतं. इलेक्ट्रोलाइटचं डिझाइन म्हणतात ते हेच.

मग अजून अडलंय कुठे?

पहिली गोष्ट, प्रयोगशाळेतली बॅटरी बहुतेक वेळा बटणाएवढी असते. त्यात द्रव भरपूर घालता येतो आणि लिथियमचा पत्राही जाड ठेवता येतो. थोडं हरवलं तर दिसून येत नाही. खऱ्या बॅटरीत वजन वाचवायचं असतं, म्हणून द्रव मोजून-मापून आणि लिथियम कागदासारखं पातळ. तिथे द्रव आटला की खेळ संपला.

दुसरी गोष्ट, चार्जिंग जितकं घाईचं, तितके काटे जास्त. लोकांना बॅटरी हलकी हवी आणि अर्ध्या तासात चार्जही व्हायला हवी. या दोन्ही गोष्टी लिथियम धातूला एकत्र जड जातात.

तिसरी गोष्ट ऊन. ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. २५ अंशांच्या खोलीत मिळालेला आकडा विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तसाच टिकेल, असं धरता येत नाही.

चौथी गोष्ट फ्लोरीन. ते द्रव महाग पडतात, आणि फ्लोरीनची काही संयुगं माती-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात. उद्या बॅटरीचा कचरा झाल्यावर त्यांचं काय, हा प्रश्न उरतो.

द्रव काढून त्या जागी घन पदार्थ वापरायचा, ही वेगळी वाट आहे. तिच्यावरही जगभर काम चालू आहे. पण तिथेही खपली, काटे आणि व्होल्टेज यांच्यातून सुटका नाही.

व्हिडिओ आला तर विचारायचे चार प्रश्न

१. बॅटरी बटणाएवढी होती की फोन-गाडीत बसेल एवढी?

२. किती वेळा चार्ज करून पाहिली, आणि शेवटी किती टक्के क्षमता उरली?

३. चार्ज व्हायला किती वेळ लागला?

४. किती तापमानाला तपासली?

या चारांपैकी एकाचंही उत्तर नसेल, तर ती बातमी ऐकायला बरी, पण तिच्या भरवशावर खरेदी थांबवण्यात अर्थ नाही.

आजच्या बॅटरीला काय जपायचं?

वरच्या सगळ्या गोष्टी आजच्या बॅटरीलाही लागू आहेत, फक्त वेग कमी.

- पूर्ण चार्ज म्हणजे सर्वात जास्त व्होल्टेज, म्हणजे द्रवावर सर्वात जास्त ताण. फोन रात्रभर १०० टक्क्यांवर ठेवण्यापेक्षा ८०-८५ टक्क्यांवर थांबवणं बरं. बऱ्याच फोनमध्ये तशी सोय असते. लांब जायचं असेल तेव्हा पूर्ण करायला हरकत नाही.
- उन्हात तापलेली स्कूटर आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. सावलीत थंड होऊ द्यावी. उशीखाली फोन चार्ज करू नये.
- शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमच्या फवारणी पंपाला लावू नये. दोघांची व्होल्टेजची हद्द वेगळी असते. इथे अर्ध्या व्होल्टचा फरकही मोठा.
- बॅटरी फुगली म्हणजे आतला द्रव फुटून गॅस झाला. ती टोचून गॅस काढायचा प्रयत्न अजिबात करू नये. आतल्या क्षाराला हवेतला ओलावा लागला की अतिशय घातक ॲसिड तयार होतं, आणि शॉर्ट झालं तर आग. वापर बंद करून, घरातल्या वस्तूंपासून लांब ठेवून, दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे.

आणखी एक. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला दिसलं की लिथियम-मेटल बॅटरी पूर्ण उतरवून काही काळ पडू दिली, तर मृत लिथियमचा काही भाग पुन्हा कामाला लागतो. ही बातमीही 'फोन शून्यावर ठेवा' अशा सल्ल्याच्या रूपात फिरू शकते. तो प्रयोग लिथियम धातूच्या बॅटरीवरचा आहे. आपल्या फोन-स्कूटरची बॅटरी शून्यावर पाडून ठेवली तर फायदा नाही, उलट खराबच होते.

थांबायचं की घ्यायचं?

लिथियम-मेटल बॅटरी येणारच नाही असं नाही. २०१५ नंतरच्या थोड्या वर्षांत परतीचा आकडा ९९ वरून ९९.५ च्या पुढे सरकला आहे, आणि उरलेला अर्धा टक्का मिळवायला जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा लागल्या आहेत. पण हा अर्धा टक्काच सर्वात अवघड आहे. आणि आली तरी आधी ती महागड्या वस्तूंत येण्याची शक्यता जास्त.

म्हणून ज्याला आज रोज तालुक्याला जायला स्कूटर हवी आहे, त्याने आजच्या बॅटरीकडे बघूनच ठरवावं. वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटरची, त्या काळात क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे विचारावं. आणि जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहून घ्यावं.